दिव्यांग अपत्यासाठी कौटुंबिक ट्रस्ट : अनुदानाचा आणि कराचा हिशेब

व्यापारी घराण्यांत 'ट्रस्ट' हा शब्द उच्चारला की जिनमंदिर, पांजरपोळ किंवा विद्यार्थी वसतिगृह डोळ्यांपुढे येते. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि हिशेब समाजापुढे येतो. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखाली एकाच कुटुंबासाठी करता येणारा खासगी ट्रस्ट त्या मानाने कमी परिचित आहे. ज्या घरात मतिमंद, स्वमग्न किंवा बहुविकलांग अपत्य आहे, तेथे वडिलांची साठी उलटली की 'आपल्यामागे याचे कसे होणार' हा प्रश्न रोज उभा राहतो. याच प्रश्नासाठी या ट्रस्टची माहिती हवी.

अपत्याचा वारसाहक्क निर्विवाद आहे. 1928 च्या कायद्याने व्यंगामुळे वारसा नाकारण्याची जुनी रूढी मोडली, मात्र जन्मजात मनोविकल व्यक्तीला तेव्हा वगळले होते. जैनांनाही लागू असलेल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 28 ने ती उणीवही दूर केली. तरीही वाटणीच्या वेळी 'त्याला काय कळते' असे म्हणत त्याचा हिस्सा थोरल्याच्या नावे लावला जातो, प्रसंगी हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. व्यवहार समजण्याची क्षमता नसलेल्याने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, हे संबंधितांनी ध्यानात ठेवावे.

आता सरकारी साहाय्याकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असणे आवश्यक असते. अर्ज तहसीलदारांकडे होतो. 1,500 रुपयांचे मासिक अनुदान सप्टेंबर 2025 च्या मंत्रिमंडळ निर्णयाने दिव्यांगांसाठी 2,500 रुपये झाले. चालत्या पेढीच्या घरात आई-वडील हयात असेपर्यंत हा विषय सहसा निघतच नाही. त्यांच्या पश्चात भावंडे विभक्त झाली आणि दिव्यांग व्यक्ती कागदोपत्री एकटी उरली, की कोणीतरी अनुदानाची गोष्ट काढतो.

अमेरिकेतील नातलगांचा सल्लाही येऊन पोहोचतो. तेथे एका केंद्रीय साहाय्यासाठी व्यक्तीची स्वतःची मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत असावी लागते आणि उपचारांची सरकारी सोयही बहुधा त्याच्याशी निगडित असते. म्हणून तेथील पालक पैसा मुलाच्या नावावर न ठेवता विशेष ट्रस्टमध्ये ठेवतात. किती द्यायचे हे विश्वस्त ठरवतात. मुलाचा कोणत्याही ठरावीक रकमेवर हक्क नसतो. तेथे जाणारा लाभ फार मोठा असल्यामुळे ही रचना योग्यच आहे. कोल्हापुरात तीच रचना उचलण्यापूर्वी आकडेमोड करावी.

समजा, शाहूपुरीतील एका व्यापाऱ्याने चाळीस लाख रुपये ट्रस्टमध्ये घातले आणि सात टक्क्यांनी 2,80,000 रुपये व्याज आले. ट्रस्ट विश्वस्तांच्या इच्छेवर चालणारा असेल, तर प्राप्तिकर कायद्यानुसार सामान्यतः कमाल दराने आकारणी होते. 30 टक्के आणि त्यावरील 4 टक्के उपकर धरला तरी 87,360 रुपये जातात. अनुदान वर्षाला 30,000 रुपये. तीस हजार वाचवण्यासाठी सत्त्याऐंशी हजार देणे कोणत्याही खातेवहीत बसत नाही. याउलट अपत्याचा हिस्सा निश्चित लिहिला, तर आकारणी त्याच्याच दराने होते आणि दुसरे उत्पन्न नसल्यास एवढ्या रकमेवर कर लागत नाही. मात्र हे उत्पन्न त्याचेच ठरते, म्हणजे 50,000 ची मर्यादा ओलांडली जाते आणि अनुदान सोडावे लागते. ते सोडलेलेच बरे. ज्याच्यामागे चाळीस लाख आहेत त्याचे नाव निराधारांच्या यादीत असणे अपरिग्रह सांगणाऱ्या समाजाला शोभणारे नाही; आणि खोट्या उत्पन्न दाखल्याचा मार्ग तर सरळ गुन्ह्याकडे जातो.

मधला एक मार्ग आहे. मृत्युपत्राने केलेला आणि त्या व्यक्तीने मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट असेल, तर विश्वस्तांना खर्चाची मोकळीक ठेवूनही कमाल दर टळतो व नेहमीचे टप्पे लागू होतात. ट्रस्टच्या उत्पन्नात धंद्याचा नफा असेल, तर तो ट्रस्ट केवळ आपल्यावर अवलंबून असलेल्या नातलगाच्याच हिताचा असावा लागतो. दुकानाचा धंदाच मुलासाठी राखू पाहणाऱ्यांनी ही अट मृत्युपत्र लिहिण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

हयातीत ट्रस्ट करताना स्थावर मिळकत असेल तर दस्त नोंदवावाच लागतो. कॅश क्रेडिटसाठी तारण दिलेले गोदाम ट्रस्टमध्ये घालता येईल, असे मात्र कोणी समजू नये. धंदा अडचणीत आल्यावर सावकारांना चुकवण्यासाठी घाईघाईने केलेला दस्तही न्यायालयात रद्द होऊ शकतो. ट्रस्ट करायचा तो पेढी सुस्थितीत असताना.

विश्वस्त म्हणून केवळ भावंडे नेमू नयेत. एक बाहेरचा माणूस असावा. शिवाय ट्रस्ट पैसा सांभाळतो, माणसाला नाही. अठरा वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. त्या प्रमाणपत्रावर बँका खाते उघडून पालकाला चालवू देतात. याच कायद्याखालील निरामय योजनेतील एक लाखाच्या आरोग्य विम्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. सधन घरांनीही तो जरूर घ्यावा. अर्ज आई-वडील दोघेही हयात असताना केला, तर पुढचा पालक कोण हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगता येते.