यमकातून अक्षराकडे

मूल वाचायला शिकते ते डोळ्यांनी, असा सर्वसाधारण समज असला, तरी त्या शिक्षणाचा पाया पाटी हाती येण्यापूर्वीच कानांवाटे घातला जातो. लिपी ही बोललेल्या ध्वनींची खूण असल्यामुळे, बोलण्याचा अखंड प्रवाह लहान लहान तुकड्यांचा बनलेला आहे हे ज्या मुलाला जाणवलेले असते, त्याला अक्षराचे प्रयोजन लवकर उमगते. शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून त्यातील आवाज वेगवेगळे ऐकण्याच्या या क्षमतेला ‘ध्वनिजाणीव’ म्हणतात आणि ती रुजवण्याचे अत्यंत सहज साधन म्हणजे बडबडगीत.

ऑक्सफर्डचे संशोधक लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतील न जुळणारा शब्द ओळखण्यास सांगितले होते. ज्यांना यमक आणि समान ध्वनी चांगले ओळखता आले, ती मुले पुढील वर्षांत वाचन व शुद्धलेखनातही पुढे राहिली. याच अभ्यासात प्रारंभी मागे असलेल्या 65 मुलांपैकी एका गटाला ध्वनींचे, तर दुसऱ्या गटाला ध्वनींबरोबर प्लॅस्टिकच्या अक्षरांचेही शिक्षण देण्यात आले, तेव्हा सर्वाधिक प्रगती या दुसऱ्या गटाने केली.

हे संशोधन इंग्रजीभाषक मुलांवरील असले, तरी देवनागरीच्या संदर्भात त्याला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. या लिपीतील अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची एकत्र बांधलेली गाठ असून, मात्रा शिकणे म्हणजे ती गाठ सोडवायला शिकणे होय. ‘माळ, टाळ, बाळ, गाळ’ अशा यमकात स्वर आणि शेवट तोच राहून आरंभीचे व्यंजन बदलते. उलट ‘माळ, मूळ, मेळ’ या मालिकेत व्यंजने स्थिर राहून स्वर बदलतो, आणि बाराखडीच्या घोषातही नेमके हेच घडते. यमक आणि बाराखडी या अशा परस्परपूरक क्रिया असल्यामुळे, दोन्हींत रमलेल्या मुलाला काना, वेलांटी आणि उकार ही चिन्हे कशासाठी आहेत, हे वेगळे समजावण्याची फारशी गरज उरत नाही.

चालीचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी 2011 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, मेंदूतील लयबद्ध स्पंदने बोलण्याच्या लयीशी जुळवून घेतात आणि त्यामुळे शब्दावयवांच्या, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या, कडा मुलाला स्पष्ट जाणवतात. मराठीत ‘कमळ’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा असला, तरी बोलताना त्याचे ‘क-मळ’ असे दोनच तुकडे ऐकू येतात. संथ चालीत मात्र अखेरचा लपलेला ‘अ’ पुष्कळदा उमटतो आणि लेखन व उच्चार यांतील अंतर कमी होते.

तथापि, केवळ गाण्याने वाचन येत नाही. टाळीच्या ठेक्यावर गाणे म्हणावे, मुलाला स्वतः नवे, प्रसंगी निरर्थकही, यमक जुळवू द्यावे आणि कानाला ओळखीचा झालेला ध्वनी मग पाटीवरील अक्षराशी जोडून दाखवावा, या क्रमात गाण्याचे बळ आहे. ओव्या आणि अंगाईगीते पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घरांत या शिक्षणाचा पूर्वार्ध विनासायास घडत आला आहे. त्याच गाण्यांतील शब्दांवर मुलाचे बोट ठेवणे, हा त्याचा उत्तरार्ध घराने आणि बालवाडीने जाणीवपूर्वक पूर्ण करावयास हवा.