बहार धरणे

बहार धरणे : फळझाडांचे पाणी काही काळ तोडून त्यांची वाढ थांबविणे आणि नंतर पाणी देऊन त्यांना एकाच वेळी फुले आणणे, या क्रियेस बहार धरणे म्हणतात. महाराष्ट्रात संत्रा, मोसंबी, लिंबू, डाळिंब व पेरू या झाडांना वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फुले येतात. सर्व बहार घेतल्यास झाडातील अन्नसाठा विभागला जातो, फळे लहान राहतात व झाड लवकर खंगते; म्हणून एकच बहार घेणे हितावह असते.

आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहाराची जून-जुलैत आणि हस्त बहाराची सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. उन्हाळ्यात पुरेसे पाणी असल्यास आंबे बहार, नसल्यास मृग बहार धरतात. हस्त बहारासाठी पावसाळ्याच्या उत्तरार्धात ताण द्यावा लागतो. मुळशीसारख्या पावसाळी भागात तो साधणे कठीण जाते. पुणे जिल्ह्यातच पुरंदर भागात अंजिराचे ‘खट्टा’ (पावसाळी) व ‘मीठा’ (उन्हाळी) असे दोन बहार ओळखले जातात.

ताणाचा काळ हलक्या जमिनीत सुमारे एक महिना, तर भारी जमिनीत दीड ते दोन महिने असतो. नवी पालवी थांबल्यामुळे फांद्यांत पिष्टमय पदार्थ साठतात व फुलोऱ्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. पाने मलूल होऊन काही प्रमाणात गळली, की ताण पुरा झाला असे समजतात. त्यानंतर हलकी चाळणी करून खते देतात. पहिले पाणी हलके देऊन पुढील पाळ्या हळूहळू वाढवितात. एकदम भरपूर पाणी दिल्यास फुलांऐवजी पालवीच फुटण्याचा संभव असतो. ताण अति झाल्यास फांद्या वाळतात.

कोवळ्या झाडांना मात्र ताण देत नाहीत. डाळिंबाचा बहार साधारणपणे पहिली दोन वर्षे व संत्रा-मोसंबीचा पहिली चार-पाच वर्षे धरीत नाहीत. या काळात जमिनीचा मगदूर व ऋतू पाहून नियमित पाणी दिल्यास मुळे खोल जातात व झाडाचा सांगाडा भक्कम होतो. पाण्यात खंड पडला, की वाढ खुंटते आणि पुढे पाणी मिळताच अकाली फुले येतात. ती खुडून टाकावी लागतात. पाणी दुहेरी आळ्याने वा ठिबक पद्धतीने, बुंध्याला न लागेल असे देतात. बुंध्याशी ओल साचल्यास लिंबूवर्गीय झाडांना डिंक्या रोग जडतो. या वर्षांत लवकर फळ मिळविण्याच्या लोभाने दिलेल्या ताणाची हानी पुढील अनेक बहारांना भोगावी लागते.