जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी बॅटरीचं वय विचारा

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो, "जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?" मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नव्हे. पण यंदा माझ्या मावसबहिणीसाठी बडोद्यात अशा चार गाड्या नीट तपासल्या. ताई शाळेत शिकवते, रोजचं जाणं-येणं पस्तीस किलोमीटर, हाताशी साठवलेले साडेसहा लाख. त्या खटाटोपात जे कळलं, ते इथे मांडतो.

बॅटरीचा हिशेब

पेट्रोल गाडीची दुखणी विखुरलेली असतात. इलेक्ट्रिक गाडीचा बहुतेक जीव एकाच बॅटरीत असतो. जुन्या बाजारात सहज दिसणारी टाटा नेक्सॉन ईव्ही घ्या. ती जानेवारी २०२० मध्ये आली. बॅटरी ३०.२ युनिटची, कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. बॅटरी आणि मोटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी पूर्ण होईल ते.

वॉरंटी नसताना बॅटरी गेली तर? ब्लूमबर्गएनईएफच्या २०२४ च्या पाहणीत बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत युनिटमागे ११५ डॉलर निघाली. डॉलरचे ८५ रुपये धरले, तर तीस युनिटचे जवळजवळ तीन लाख होतात. हा झाला घाऊक भाव. एकच पॅक घेणाऱ्या गिऱ्हाइकाला याहून बरंच जास्त मोजावं लागतं. म्हणजे निम्म्या गाडीची किंमत तिथेच.

सुदैवाने बॅटरी सहसा अचानक मरत नाही, हळूहळू थकते. ते ओळखायला सोपी परीक्षा आहे. गाडी १०० टक्के चार्ज करा, एसी लावा आणि नेहमीच्या वेगाने लांब चालवा. आम्ही एक गाडी भरुचला नेऊन आणली. १५० किलोमीटरला ७८ टक्के चार्ज खर्च झाला, म्हणजे पूर्ण चार्जवर साधारण १९२ किलोमीटर. ताईच्या कामाला भरपूर. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या रेंजवर मात्र विसंबू नका, तो गाडीच्या सॉफ्टवेअरने बांधलेला अंदाज असतो. टक्के सावकाश उतरताहेत की मध्येच धाडकन घसरताहेत, याकडे लक्ष ठेवा. घसरत असतील तर बॅटरीतले सेल एकसारखे राहिलेले नाहीत, अशी शंका घ्यावी. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्टही मागून घ्या.

छोटी दुखणी

सगळ्यात फसवं दुखणं म्हणजे बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली, तरी तिला गाडीशी जोडणारे स्विच या छोटीच्या जोरावर चालतात. ती बसली की गाडी ढिम्म हलत नाही आणि घरचे घाबरतात, "लाखोंचा खड्डा!" प्रत्यक्षात काम पाच-आठ हजारांत होतं.

टायरही तपासा. गाडी जड आणि ओढ जोरदार, त्यामुळे ते लवकर झिजू शकतात. चारही बदलायचे तर पंचवीस-तीस हजार धरून चाला. गाडीतला चार्जर बिघडला तर खर्च हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजायचा. म्हणून साधं आणि फास्ट, दोन्ही चार्जिंग स्वतः करून बघा. उलट ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट यांचा खर्चच नाही, आणि वेग कमी करताना मोटरच गाडीला आवरत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात.

पुरातली गाडी

ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर बडोदेकर विसरलेले नाहीत. किती तरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. बॅटरी पॅक साधारणपणे आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. दिवसभर पाण्यात राहण्याची ती हमी नव्हे. कनेक्टरमध्ये ओल शिरली तर गंज महिन्यांनी वर येतो, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

आम्ही पाहिलेली एक गाडी बाहेरून चकाचक होती. सीटखालचे रूळ मात्र गंजलेले, गालिच्याला कुबट वास. विमा पाहिला तर नो क्लेम बोनस शून्यावर आलेला. विक्रेत्याला कारण विचारलं, उत्तर मिळालं नाही. आम्ही तिथूनच परतलो. बोनस शून्य असण्याला दुसरंही कारण असू शकतं, पण ते लेखी मिळायला हवं.

घर आणि हप्ता

दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहत असाल, तर गाडी कुठे लावणार आणि प्लग कुठून आणणार, हे आधी ठरवा. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तीस युनिटची बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

शेवटचा मुद्दा कर्जाचा. मार्च २०२१ मध्ये नवी घेतलेली गाडी तुम्ही कधीही विकत घ्या, तिची आठ वर्षांची वॉरंटी मार्च २०२९ मध्येच संपते. आज पाच वर्षांचं कर्ज काढलं, तर शेवटचे हप्ते वॉरंटी नसलेल्या बॅटरीसाठी जातील. म्हणून वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, सर्व्हिस चुकल्यामुळे ती रद्द तर झाली नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि कर्जाची मुदत अशी ठेवा, की वॉरंटी संपण्याआधी हप्ते संपलेले असतील. तेवढ्या मुदतीत हप्ता झेपत नसेल, तर ती गाडी स्वस्त नाही.