रायडर पडल्यानंतर ग्रुपने काय करायचे

रविवारी पहाटे पुण्याहून ताम्हिणीकडे, कल्याणहून माळशेजकडे, कोल्हापुराहून आंबोलीकडे निघालेल्या मोटारसायकलींच्या रांगांचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. त्यातला एखादा रायडर जबर जखमी झाला की ग्रुप धावून जातो, याबद्दलही शंका नाही. दोन तासांत निम्मे शहर दवाखान्याच्या दारात उभे राहते. अडचण आहे ती वेळेची. माणसे पहिल्या दोन दिवसांत येतात. कामे मात्र सहा-आठ महिने संपत नाहीत. शिवाय त्यातली बरीचशी कामे कंटाळवाणी असतात: फॉर्म, झेरॉक्स, पोलीस ठाण्याच्या खेपा, रात्रीची जागरणे. हा लेख मुख्यतः त्या कामांबद्दल आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यात हौशी रायडर थोडे असतील. दूधवाले, कामगार, विद्यार्थी, डिलिव्हरीची मुलेच जास्त. पुढची माहिती त्यांनाही तेवढीच लागू पडते.

पहिली दहा मिनिटे

राइडमध्ये लीड सर्वांत पुढे असतो, म्हणून त्याला अपघात सर्वांत शेवटी कळतो. पडलेल्याजवळ आधी पोचतो तो शेवटचा, म्हणजे स्वीप. बहुतेक ग्रुपमध्ये अनुभवी माणूस पुढे आणि उरलासुरला मागे अशी वाटणी असते. ती उलट हवी. प्रथमोपचार शिकलेला आणि डोके ठिकाणावर ठेवणारा माणूस मागे असला पाहिजे.

आधी रस्ता सुरक्षित करायचा. दोघांनी वळणाच्या अलीकडे जाऊन येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायचा, बाकीच्यांनी आपल्या गाड्या रस्त्याबाहेर घ्यायच्या. घाटात पडलेल्याभोवती जमलेला घोळका मागून येणाऱ्या ट्रकखाली जाऊ शकतो.

पडलेल्याला बसवायचे नाही, उभे करायचे नाही, पाणी पाजायचे नाही. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटातले पाणी भूल देताना घातक ठरते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नये, कारण मानेच्या मणक्याला इजा असेल तर एका हिसक्यात हातपाय कायमचे जाऊ शकतात. श्वास अडकत असेल, उलटी होत असेल, तर मात्र ते काढावेच लागते आणि त्याला दोन माणसे लागतात. एकाने डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडवून हेल्मेट हळूहळू सरकवायचे. हे वाचून येत नाही. पार्किंगमध्ये एकमेकांवर सराव केला तरच घाटात हात चालतात.

मग १०८ किंवा ११२. ताम्हिणीसारख्या घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा एकाला रेंज मिळेपर्यंत पिटाळावे लागते. त्याने निघण्यापूर्वी किलोमीटरचा दगड, जवळचे गाव आणि आपण घाटाच्या माणगावच्या अंगाला आहोत की मुळशीच्या, एवढे पाहून जावे. ‘घाटात अपघात झालाय’ एवढ्यावर रुग्णवाहिकेला जागा सापडत नाही.

थांबणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून

डाकार रॅलीत पडलेल्या स्पर्धकाजवळ थांबणे ही नुसती दिलदारी नाही, त्याला नियमाचा आधार आहे. मदतीत गेलेला वेळ आयोजक नंतर स्पर्धकाला परत देतात. २०१६ साली मॅथियास वॉल्कनर मांडीचे हाड मोडून पडला, तेव्हा आघाडीच्या शर्यतीत असलेला पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस त्याच्यापाशी थांबला होता. हाच गोन्साल्विस पुढे भारतातल्या हिरो कंपनीच्या संघाकडून उतरला आणि १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियाच्या वाळवंटात पडला. त्याच्याजवळ टोबी प्राइस थांबला. गोन्साल्विस वाचला नाही. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला आणि हिरोच्या संघाने माघार घेतली. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी २०२१ला, त्याच संघाचा बंगळुरूचा सी. एस. संतोष डोक्याला मार लागून पडला. त्याला हेलिकॉप्टरने रियाधच्या रुग्णालयात हलवून औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले, तो बचावला.

आपल्या रस्त्यावर थांबणाऱ्याचे काय जाते? पोलिसांची चौकशी, दवाखान्याचे डिपॉझिट, कोर्टाच्या तारखा. या भीतीपोटी लोक गाडीची काच वर करून पुढे जातात. त्यावर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. निःस्वार्थपणे मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला होत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही आणि दवाखाना त्याला पैशांसाठी अडवून ठेवू शकत नाही.

एक बारकावा ग्रुपने ध्यानात ठेवावा. ग्रुपमधल्याच दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या असतील, तर दुसरा चालक हा मदतकर्ता तिऱ्हाईत नसतो. जखमीला उपचार मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे ही कलम १३४ने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे.

रक्त

‘बी पॉझिटिव्ह पाहिजे, अर्जंट’ असा निरोप फिरला की एकाच दुपारी चाळीस दाते हजर होतात. कौतुक आहेच, पण तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त पाच. गंभीर जखमीवर एकामागून एक शस्त्रक्रिया होतात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी दिले तर पुरुषांना पुढचे तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणून यादी करावी, रक्तपेढीला विचारावे आणि दाते टप्प्याटप्प्याने पाठवावेत. रात्रभर गाडी चालवून आलेल्याने त्याच सकाळी रक्त द्यायला बसू नये. आणि नवा टॅटू काढलेल्याला रक्तपेढी वर्षभर परत पाठवते, त्यामुळे आपल्या मंडळींतले किती हात बाद होतात हे आधीच मोजून ठेवलेले बरे.

पहिल्या आठवड्याचा खर्च

केंद्र सरकारने मे २०२५मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. त्यासाठी रुग्णालय योजनेत असावे लागते. नसेल तर तिथे फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार धरले जातात. अपघाताची खातरजमा पोलिसांकडून होते, म्हणून पोलिसांना कळवण्यात चालढकल नको. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो, त्याला गाठायचे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्याचा अर्ज तिथल्या समाजसेवा अधीक्षकाकडे.

वर्गणी गोळा करायची तर ती एकाच खात्यात, शक्यतो घरच्या माणसाच्या नावावर. किती आले आणि कुठे गेले हे दर आठवड्याला ग्रुपवर टाकावे. चार जणांनी आपापल्या फोनवर पैसे घेतले की महिन्याभरात कुजबुज सुरू होते, आणि ती नेमकी जखमीच्या बायकोच्या कानावर जाते. पहिल्याच दिवशी सगळी रक्कम मागू नये, असेही माझे मत आहे. आयसीयूतल्या फोटोवर लोक भराभर पैसे देतात, फिजिओथेरपीच्या बिलावर देत नाहीत.

पॉलिसी वाचणारा माणूस

प्रत्येक ग्रुपमध्ये इंजिन उघडणारा असतो, पॉलिसी उघडून वाचणारा सहसा नसतो. अशा वेळी तोच सर्वांत उपयोगी.

वाहनमालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. बहुतेकांना वाटते की दवाखान्याचे बिल त्यातून निघेल. तसे नाही. मृत्यू, कायमचे पूर्ण अपंगत्व, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम मिळते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास निम्मी. मोडलेल्या मांडीला, सहा महिने बुडालेल्या पगाराला त्यातून एक रुपया येत नाही. शिवाय वैध लायसन्स हवे आणि दारू प्यालेले नसावे. मित्राची गाडी फिरवायला घेतली असेल तर त्या गाडीवरचा हा विमा चालवणाऱ्याला मिळत नाही, कारण तो मालकापुरता असतो. स्पर्धा आणि वेगाच्या चाचण्या मोटार पॉलिसीत वगळलेल्या असतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी हे मन घट्ट करून का होईना, वाचावे.

दवाखान्याचे बिल भागते ते आरोग्य विम्यातून. त्या कंपनीला साधारणपणे २४ तासांच्या आत कळवायचे असते. त्या वेळी घरचे लोक भानावर नसतात. हा फोन ग्रुपने करावा.

दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. कलम १६६नुसार अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. हाडे जुळेपर्यंत ती निघून जाते, म्हणून वकील पहिल्या महिन्यातच पाहावा. धडक देऊन वाहन पळाले असेल तर वेगळ्या योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख मिळतात. मागे बसलेल्याचे दुखणे निराळे: गाडीवर नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पिलियनचा दावा विमा कंपनीसमोर सहसा टिकत नाही, पॅकेज पॉलिसीत टिकतो.

सर्वांत अवघड प्रसंग ग्रुपमधल्याच मित्राने धडक दिली असेल तेव्हाचा. ‘आपल्याच माणसावर केस कशी करायची?’ म्हणून सगळे गप्प बसतात, आणि जखमीची भरपाई बुडते. त्या मित्राचा विमा चालू असेल तर पैसे सर्वसाधारणपणे विमा कंपनी भरते. मात्र निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर नोंदला जाऊ शकतो, हेही खरे. दोन्ही घरांना एकत्र बसवून हे सरळ सांगावे. पाच वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात हा विषय निघण्यापेक्षा ते बरे.

पंचनामा आणि कॅमेरा

दवाखान्यात ‘गाडीवरून घसरून पडला’ असे कुणीतरी घाईत सांगून टाकतो, तेच केसपेपरवर उमटते, आणि पुढे ट्रकच्या धडकेचा दावा तिथेच अडतो. माहिती एकानेच द्यावी आणि ज्याने पाहिले त्यानेच द्यावी. एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद झाली का ते विचारावे. एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती, प्रत्येक बिल आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवावे.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातले चित्रण कुणी टाकू नये आणि कुणी पुसूही नये. ट्रक उलट्या बाजूने आला हे त्यातून दिसते, तसा आपला वेगही दिसतो. गैरसोयीचे म्हणून पुसले तर पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

घरी आल्यानंतर

आयसीयूतून वॉर्डात आणि वॉर्डातून घरी आल्यावर ग्रुपवरचे निरोप रोडावतात. काम मात्र इथे वाढते. मणक्याला इजा असेल तर अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. आई किंवा बायको हे एकटीने किती दिवस करणार? आठवड्यातली एक रात्र एका जोडीने घ्यायची, असा तक्ता चार महिने चालवणारा ग्रुप माझ्या लेखी हजार किलोमीटरच्या राइडपेक्षा मोठे काम करतो. डबा, मुलांना शाळेतून आणणे, फिजिओथेरपीला गाडीने नेणे ही कामेही वाटून घेता येतात. भेटायला जाताना आठ जणांनी मिळून जाऊ नये. घरच्यांना आठ चहा करावे लागतात.

पाय गमावलेल्यांसाठी पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र आणि मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही जुनी, अनुभवी ठिकाणे आहेत. अपंगत्व कायमचे असेल तर जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढावे. ४० टक्क्यांच्या पुढे बऱ्याच सवलती लागू होतात. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही, असे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. खासगी नोकरीत ते कवच नाही, त्यामुळे तिथे एचआरशी बोलायला ग्रुपमधलाच कुणी जाणता माणूस सोबत दिला तर फरक पडतो.

‘लवकर बरा हो, पुढच्या वर्षी लडाख’ हे वाक्य मात्र जपून वापरावे. काहींना त्याने उभारी येते, काहींच्या घरात त्यावरून भांडणे होतात.

गाडीचे काय

अपघातातली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. तपासणी आणि पंचनामा झाल्यावर ती कोर्टाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर सोडवून घ्यावी लागते. आरसी, विमा, लायसन्स ही कागदपत्रे हाताशी असली तर हे काम फार दिवसांचे नाही. सोडवण्याआधी किंवा विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी ग्रुपमधल्या हौशी मेकॅनिकने तिला हात लावू नये, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा अडतो. बरेचदा मित्र परस्पर वर्गणी काढून गाडी नवीकोरी करून दारात उभी करतात आणि घरच्यांना ती डोळ्यांसमोर नको असते. काही वेळा उलट होते: घरचे ती भंगारात घालतात आणि बरा झालेला माणूस वर्षभर कुणाशी बोलत नाही. दुरुस्त करायची, विकायची की तशीच झाकून ठेवायची, हे तो बोलू लागला की त्यालाच विचारावे. तोवर पार्किंगचे भाडे ग्रुपने भरावे, फार नसते.