जवानाचे शिक्षण : सेवेतले आणि सेवेनंतरचे

भारतीय लष्करात शिपाई म्हणून भरती झालेला तरुण पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून पेन्शनीवर घरी येतो, तेव्हा त्याचे वय बहुधा पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान असते. ज्या वयात इतर नोकरदारांची बढती आणि पगार चढणीला लागलेले असतात, मुले शाळेत असतात आणि घरातील वडीलधारी मंडळी थकलेली असतात, नेमक्या त्याच वयात त्याला दुसरे आयुष्य उभे करावे लागते. शिपाई, नाईक आणि हवालदार या पदांवरील सैनिक, तसेच त्यांच्यातूनच बढती मिळून झालेले नायब सुभेदार ते सुभेदार मेजर, म्हणजेच ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर किंवा जेसीओ, यांच्यासाठी सेवेतील शिक्षण म्हणूनच पोटापाण्याइतके महत्त्वाचे ठरते.

या शिक्षणाचा इतिहास महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी जोडलेला आहे. ब्रिटिश अमदानीत लष्करी छावण्यांमध्ये सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत. गावातील शाळेचे दार ज्या जातींना बंद होते, त्या जातींतील सैनिकांना अक्षरओळख या छावणीच्या शाळेत झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षे काम केले आणि शिक्षणाविषयीची त्यांची आस्था त्यांच्या घरात रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा या समाजाची नोकरी गेली आणि तिच्यासोबत शिक्षणाचा एक मार्गही तुटला.

आज जवानांच्या शिक्षणाची जबाबदारी मुख्यतः आर्मी एज्युकेशन कोअर या शाखेकडे असून तिचे प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशातील पचमढी येथे आहे. या शाखेचे शिक्षक पलटणींमध्ये आणि रेजिमेंटच्या केंद्रांवर वर्ग घेतात, बढतीसाठी आवश्यक असलेल्या लष्करी शिक्षण प्रमाणपत्रांच्या परीक्षांची तयारी करून घेतात आणि नकाशावाचनही शिकवतात. नकाशावाचन हा विषय वरवर साधा वाटला, तरी शाळेतले गणित जवानाच्या कामी कसे येते, हे त्यातून लख्ख दिसते. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना खेटून येतात तिथे चढ उभा, हे त्याला एका नजरेत कळावे लागते. होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर दिशा आणि नकाशावरच्या उभ्या रेषांची उत्तर दिशा यांत काही अंशांचा फरक असतो. तो हिशेबात घेताना तीन अंशांची चूक झाली, तर पाच किलोमीटर चालल्यावर तुकडी सुमारे २६० मीटर बाजूला पोहोचते, आणि डोंगराळ मुलखात एवढ्या अंतराने दरी बदलते.

सामान्य शिक्षणाच्या जोडीला ट्रेडचे, म्हणजे विशिष्ट कामाचे, प्रशिक्षण असते. तोफखान्याचा जवान नाशिक रोड आणि देवळालीत, रणगाड्यांवरचा जवान अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचा जवान पुण्याजवळ खडकीला, नौदलाचा इंजिनाशी संबंधित नौसैनिक लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर आणि हवाई दलाचा एअरमन बेळगावजवळच्या सांबऱ्याला शिकतो. वाहनदुरुस्ती, बिनतारी संदेशयंत्रणा, बांधकाम, वीजजोडणी, भांडारव्यवस्था अशी ही कौशल्ये नागरी जीवनातही उपयोगी पडणारी आहेत.

जवानाला अधिकारी होण्याची वाटही याच शिक्षणातून जाते. सैनिकांना अधिकारीपदासाठी तयार करण्याच्या हेतूने १९२९ मध्ये नौगाव येथे किचनर कॉलेज सुरू झाले. त्यातूनच १९६० मध्ये आर्मी कॅडेट कॉलेज आकाराला आले, पुढे ते पुण्यात होते आणि १९७७ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमीच्या आवारात गेले. बारावी उत्तीर्ण असलेला आणि वय व सेवेच्या अटी पूर्ण करणारा जवान लेखी परीक्षा आणि सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची मुलाखत पार करून येथे प्रवेश मिळवतो. तीन वर्षे शिकून तो दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो आणि अकादमीतील आणखी एका वर्षानंतर लेफ्टनंट होतो.

सर्वच जवान या वाटेने जात नाहीत; बहुसंख्यांच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती समकक्षता, म्हणजे लष्करातील शिक्षण आणि अनुभव यांना नागरी पात्रतेइतके मानण्याची तरतूद. मॅट्रिक किंवा लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेला आणि किमान १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या गट क मधील पदवीची अट असलेल्या पदांसाठी पात्र मानला जातो. मात्र तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता अनिवार्य असलेली पदे याला अपवाद आहेत. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या अखेरच्या काळात व्यवसाय प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम देते आणि जवान व जेसीओ यांच्या शुल्काचा भार शासन उचलते.

सैनिकभरतीसाठी २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने सेवेनंतरच्या पात्रतेचा हा प्रश्न आणखी तातडीचा केला आहे, कारण या योजनेतून भरती झालेल्या सैनिकाची, म्हणजे अग्निवीराची, सेवा चार वर्षांची असते आणि प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम सेवेत घेतले जाते. दहावी झालेल्या अग्निवीरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची, आणि बारावी झालेल्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीची योजना आखण्यात आली. या पदवीतील निम्मे श्रेयांक, म्हणजे अभ्यासाचे गुणभार, सेवेतील कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. सैनिकी प्रशिक्षण हे शिक्षणच आहे, ही मान्यता त्यात आहे आणि म्हणून ही तरतूद मोलाची आहे.

मात्र तरतूद कागदावर असणे आणि तिचा लाभ पदरात पडणे यांत मोठे अंतर असते. जवान बदल्या, सीमेवरील नेमणुका आणि सरावशिबिरे यांत गुंतलेला असतो, तर गावाकडे त्याच्या प्रमाणपत्राचा अर्थ खाजगी मालकालाच काय, पुष्कळदा भरती करणाऱ्या कार्यालयालाही ठाऊक नसतो. म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाची आणि ट्रेडची नोंद डिस्चार्ज बुकात नागरी भाषेत व्हायला हवी, समकक्षतेचे नियम भरतीच्या जाहिरातीतच छापले जायला हवेत, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी निवृत्तीनंतर जवानाची वाट न पाहता सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांतच त्याच्याशी संपर्क साधायला हवा. देशाने ज्याच्या तारुण्यातील सर्वांत जोमदार वर्षे घेतली, त्याने त्या वर्षांत कमावलेले ज्ञान पुढील आयुष्यात कवडीमोल ठरू नये, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पूर्ण करणे समाजाचे कर्तव्य आहे.