दर पेटीमागे दोन पै
आयातकर, गरिबी आणि अर्थशास्त्रातील प्रतिमाने

अंबरनाथमध्ये ‘विम्को नाका’ हे ठिकाण सर्वांना माहीत असते, पण ते नाव कशावरून पडले हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. स्वीडनमधील काडेपेटी उद्योगाने ती १९२३ मध्ये स्थापन केली आणि अंबरनाथला कारखाना काढला. स्वीडनची काडेपेटी तर आधीपासूनच जहाजाने मुंबईत उतरत होती. मग इथे कारखाना काढण्याचे कारण काय?

कारण आयातकरात सापडते. १९२२ मध्ये सरकारने काडेपेटीवरील आयातकर दर ग्रोसला बारा आण्यांवरून दीड रुपया केला. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. दीड रुपयाचे २४ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण २८८ पै. १४४ ने भागले की दर पेटीमागे दोन पै येतात. रक्कम दिसायला किरकोळ, पण स्वस्त मालावर तो बोजा मोठा होता. बाहेरून पेटी आणण्यापेक्षा इथेच बनवणे परवडू लागले.

गंमत अशी, की हा कर लावला होता तिजोरी भरण्यासाठी. पण देशात कारखाने निघाले, आयात घटली आणि तिजोरीतली आवकही घटली. १९२८ मध्ये हाच कर देशी उद्योगाला संरक्षण देणारा कर म्हणून मान्य झाला, आणि १९३४ मध्ये देशात बनणाऱ्या काडेपेटीवरही उत्पादनशुल्क बसले. म्हणजे एक कर बदलला, त्यामुळे कारखानदार, कामगार, गिऱ्हाईक आणि सरकार या चौघांचेही वागणे बदलले. नुसते ‘आयात गुणिले कराचा दर’ असे गणित करणाऱ्याचा हिशेब चुकला असता.

प्रतिमान म्हणजे काय?

हे सारे बदल एकाच वेळी हिशेबात धरता यावेत म्हणून अर्थशास्त्रज्ञ गणिती प्रतिमान, म्हणजे मॉडेल, तयार करतात. आधी एक मोठा तक्ता मांडतात. कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, मजुरी किती देतो, कुटुंबे कशावर किती खर्च करतात, सरकारला कर किती मिळतो, हे सारे त्या तक्त्यात येते. मग मागणी, पुरवठा, किमती आणि मजुरी यांची समीकरणे लिहितात आणि ती एकत्र सोडवतात. अशा प्रकारचे पहिले प्रतिमान लेफ योहान्सेन यांनी १९६० मध्ये नॉर्वेसाठी केले असे मानले जाते. आज जगभरच्या व्यापाराची प्रतिमाने संगणकावर चालतात. त्यांना कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीची जोड दिली, की ‘आयातकर इतका कमी केला तर गरिबी किती घटेल?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळते.

हे उत्तर कितपत भरवशाचे असते? ते पाहण्यासाठी अंबरनाथहून एक स्टेशन मागे, उल्हासनगरला जाऊ या.

शिलाई कारागिराचे गणित

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले हे शहर जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे. समजा, परदेशी तयार कपड्यांवरचा आयातकर घटला आणि कपडे दहा टक्क्यांनी स्वस्त झाले. आकडे आपण सोपे, काल्पनिक घेऊ. एका कारागिराच्या कुटुंबाचे उत्पन्न महिना १५,००० रुपये आणि कपड्यांवरचा खर्च सरासरी ६०० रुपये आहे. बचत महिना ६० रुपये, वर्षाला ७२० रुपये. बदलापूरला सोसायटीत राखणदारी करणाऱ्याचे उत्पन्न आणि खर्च तेवढाच असेल, तर त्याचीही बचत तेवढीच. पण त्याच्या कामावर कपड्यांच्या आयातीचा थेट परिणाम होत नाही. त्याला फायदाच होईल.

कारागिराचे काय? स्पर्धेमुळे त्याचे काम गेले आणि तेवढ्याच पगाराचे दुसरे काम मिळायला दोन महिने लागले, तर ३०,००० रुपये बुडाले. ३०,००० भागिले ७२० केले तर ४१ पेक्षा जास्त येतात. स्वस्त कपड्यांच्या बचतीतून दोन महिन्यांची मजुरी भरून निघायला ४१ वर्षांहून अधिक काळ लागेल!

उलट, कर तयार कपड्यांऐवजी फक्त कापडावर किंवा शिलाईयंत्रावर कमी झाला, तर शिवण्याचा खर्च उतरेल, मागणी वाढेल आणि त्याच कारागिराला जादा काम मिळू शकेल. म्हणून ‘आयातकर कमी करणे गरिबांच्या हिताचे की अहिताचे?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वस्तूवरचा कर, आणि कोणता गरीब, हे आधी विचारायला हवे.

गृहीतकात दडलेले उत्तर

जागतिक व्यापाराच्या अनेक प्रचलित प्रतिमानांत असे धरलेले असते, की देशातील एकूण रोजगार बदलत नाही आणि एका उद्योगातून सुटलेला कामगार दुसऱ्यात सामावतो. आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती यांची तुलना होते, मधले दोन महिने दिसतच नाहीत. अशा प्रतिमानात आपला कारागीर वर्षाला ७२० रुपयांनी ‘सुखी’ झालेला असतो.

तरुण कारागीर लोकलचा पास काढून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम शोधू शकेल. पण पंचेचाळिशीच्या कारागिराला, किंवा घर सांभाळून जीन्सचे धागे कापणाऱ्या बाईला ते तितके सोपे नाही. तक्त्यात मात्र हे तिघेही ‘श्रम’ या एकाच शब्दात बसवलेले असू शकतात.

ही अडचण केवळ कल्पनेतली नाही. १९९१ नंतर भारताने आयातकर झपाट्याने उतरवले. पेतिया तोपालोवा यांनी जिल्हावार आकडेवारी तपासून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की करकपातीची झळ जास्त बसलेले उद्योग ज्या ग्रामीण जिल्ह्यांत एकवटले होते, तिथे गरिबी इतरांपेक्षा मंद गतीने घटली. जागा बदलणे ज्यांना सर्वांत कठीण होते, त्यांच्यावर परिणाम ठळक होता. इथे एक सावधगिरी हवी. ही तुलना जिल्ह्याजिल्ह्यांतली आहे, त्यावरून ‘करकपातीने देशात गरिबी वाढली’ असा निष्कर्ष निघत नाही.

गृहीतके आणि मूळ आकडेवारी बदलली की उत्तर किती हलते, याचेही उदाहरण आहे. जगातील व्यापार पूर्ण खुला केल्यास होणाऱ्या वार्षिक लाभाचा जागतिक बँकेचा एक अंदाज ८३२ अब्ज डॉलर होता. २००५ मध्ये नव्या आकडेवारीवर केलेला अंदाज २८७ अब्ज डॉलर निघाला.

याचा अर्थ प्रतिमाने टाकाऊ आहेत असा नाही. नकाशात प्रत्येक झाड नसते, तरी रस्ता सापडतो. प्रतिमान नसले तरी आपण मनात काही गृहीत धरतोच. प्रतिमानात ते कागदावर येते, त्यामुळे दुसऱ्याला तपासता येते.

वर्गात करून पाहा

वरचे गणित फळ्यावर मांडावे आणि विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत. एकाने काम लगेच मिळते असे धरावे, दुसऱ्याने दोन महिन्यांनी, तिसऱ्याने दोन महिन्यांनी पण दहा टक्के कमी पगारावर. प्रत्येकाने पहिल्या वर्षाचा नफातोटा काढावा. तिघांचे गणित बरोबर असेल, पण उत्तरे वेगळी येतील. मग विचारावे: आपल्या गावासाठी कोणते गृहीतक खरे, आणि ते कळण्यासाठी कोणाकडे जाऊन काय विचारावे लागेल?