कणा तुटला तरी पोहणारा यंत्रमासा

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरात २०१७ साली सुमारे दीड मीटर लांबीचा एक ‘साप’ वळवळत फिरत होता. किनाऱ्याजवळच्या पाण्यात संशोधकांनी मुद्दाम मीठ मिसळले होते. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजत या यंत्राने मीठ कुठवर पसरले आहे याचा नकाशाच तयार केला. आज मीठ आहे. उद्या एखाद्या कारखान्याचे विषारी पाणी असेल, तर त्याचा उगम असाच हुडकता यावा, हा त्यामागचा हेतू.

‘एन्व्हायरोबॉट’ नावाचे हे यंत्र लोझान येथील स्विस फेडरल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, प्रा. ऑके आयस्पीर्ट यांच्या प्रयोगशाळेत जन्मले. याला पंखा नाही. बोटीचा पंखा तळचा गाळ ढवळतो, पाणवनस्पतींत अडकतो, जलचरांना बुजवतो. मग पाण्याची खरी परीक्षा व्हायची कशी? म्हणून वाम माशाचा कित्ता गिरवला गेला. आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले खंड आणि त्यांना वळवणाऱ्या विजेच्या छोट्या मोटारी. पुढचा खंड डावीकडे वळला की किंचित उशिराने त्याच्या मागचा वळतो, मग त्याच्याही मागचा. ही लाट शेपटीकडे धावताना पाणी मागे लोटते आणि अंग पुढे सरकते. गरजेप्रमाणे खंड बदलता येतात. एखाद्यात तापमापक बसवावा, एखाद्यात चक्क जिवंत पहारेकरी! पाऱ्याचा अंश लागताच चमकणारे जीवाणू किंवा पाणी बिघडले की हालचाल बदलणारे डॅफ्निया नावाचे चिमुकले जीव. अर्थात, या पहारेकऱ्यांची परीक्षा तेव्हा प्रयोगशाळेतच झाली होती.

पण खरे कोडे वेगळेच आहे. कोणत्या खंडाने केव्हा वळायचे, हे ठरवतो कोण? मेंदू, असे आपण चटकन म्हणू. मात्र कण्यातली मज्जारज्जू छेदली तरी वाम मासा पोहू शकतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. म्हणजे ताल धरणारी केंद्रे मज्जारज्जूतही आहेत. पण रज्जूच तुटल्यावर पुढच्या आणि मागच्या भागाचा मेळ बसतो कसा?

याचा छडा लावण्यासाठी त्याच संस्थेत ‘अ‍ॅग्नॅथाएक्स’ हा दहा खंडांचा यंत्रमासा तयार झाला. नमुना होता लॅम्प्रे, म्हणजे जबडा नसलेला एक प्राचीन जातीचा मासा. त्याच्या त्वचेला पाण्याचा दाब कळतो, तसे दाब ओळखणारे संवेदक यंत्राच्या दोन्ही कुशींवर बसवले. मग संशोधकांनी त्याचे हाल आरंभले! कधी खंडांमधला संदेश तोडला, कधी तालकेंद्रे गप्प केली, कधी संवेदक बंद पाडले.

निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खंडांमधला संदेश तुटला, तरी कुशीला लागणाऱ्या पाण्याच्या दाबावरून प्रत्येक खंड आपला ताल सावरतो आणि लाट पुन्हा जुळते. जणू तुटलेला निरोप पाणीच पुढे पोहोचवते. तालकेंद्रे आणि दाबाची जाणीव दोन्ही शाबूत असली, तर मासा बिघाडाला सर्वांत चांगला तोंड देतो.

यावरून माणसाच्या मणक्याच्या दुखापतीवर इलाज सापडला, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याला दोन पायांवर तोल सांभाळायचा असतो, आणि कुशीला टेकू द्यायला पाणी नसते. यंत्राचा लाभ मात्र रोकडा आहे. गढूळ पाण्यात मध्येच एखादी तार तुटली, तरी उरलेले डबे पोहत राहतील.